सूपभर कोंडा

दोन वर्षांचं पोर ते केवढं, आणि त्याचा पसारा केवढा! ओटीवर मांडलेलं सामान बघून दादूने कपाळाला हात लावला. झोळी, झोळीचा दोर, तो बांधायची आडवी काठी, सहा दुपटी, दोन कुंच्या, गुटी उगाळायची सहाण, मुळ्यांचा पत्र्याचा डबा, नाचणीचं सत्त्व, काजळाची डबी, खुळखुळा आणि नारळाची एक करवंटी. करवंटीचा उपयोग काय, तर पोराला ती लागते. हातात करवंटी नसेल तर साहेब झोपत नाहीत.

"पोर मुंबयला जातंय का वरात जातेय गो?" दादू म्हणाला. "माज्या बैलांची तरी दया करा."

"तुमी गप ऱ्हावा," सगुणा आपल्या नवऱ्याला म्हणाली. "राही, सहाण दुपट्यात गुंडाळ, नायतर फुटंल. आनि वेखंड रोज एकच वेढा उगाळ. जास्त नको. त्येला उलटी व्हते."

राही मुकाट्याने सहाण दुपट्यात गुंडाळत होती. भरत होती राही आणि सांगत होती सगुणा. पोर सगुणाच्या मांडीवर बसून तिच्या गळ्यातली पोत चोखत होतं. त्याचं नाव कोंडू. कोंडू सगुणाला 'आये' म्हणे आणि राहीला 'मावशी'. आणि कोंडूला जन्म दिला होता राहीने.

हातखंब्याच्या अलीकडे त्यांचं गाव. तिथे ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणीही ती बोलत नसे. राहीची आधीची तीन गेली. पहिलं बारशाच्या आधीच गेलं. दुसरं रांगायला लागलं आणि गेलं. तिसरी मुलगी होती. ती राहीकडे बघून 'आये' म्हणायला लागली, राहीने आनंदाने शेजारीपाजारी गूळ वाटला, आणि त्याच पंधरवड्यात ती गेली. चौथ्या खेपेला दिवस भरत आले तेव्हा राहीचा नवरा महिपत याने गावदेवीला कौल लावला. गुरवाने सांगितलं ते असं: हिच्या पोरांवर कुणाची तरी नजर आहे. जे हिचं म्हणून कळतं ते नेलं जातं. तेव्हा पोर हिचं ठेवू नका. पाच वर्षं पुरी होऊन देवीपुढे नारळ फुटेतो हिच्या तोंडून 'माजं' हा शब्द निघता नये. ऐकणारा ऐकत असतो.

म्हणून पाचव्या दिवशी राहीने आपलं पोर सुपात घातलं आणि सूप उंबऱ्याबाहेर ठेवलं. समोरच्या घरातून सगुणा आली. तिला मूलबाळ नव्हतं, आणि माणूस चांगलं होतं. ठरल्याप्रमाणे तिने मोठ्याने विचारलं, "कुणाचं गो हे?"

राही दाराआडून म्हणाली, "कुणाचं नाय. टाकलेलं हाय."

"मग मी घेते." सगुणाने दुसऱ्या सुपातला भाताचा कोंडा उंबऱ्यावर ओतला आणि पोर उचलून नेलं. सौदा पक्का व्हावा म्हणून तो कोंडा राहीने त्याच दिवशी म्हशीला खाऊ घातला. कोंड्यावर घेतलेला म्हणून पोराचं नाव कोंडू.

राही रोज चार-पाच वेळा समोरच्या घरी जाऊन त्याला पाजून यायची. पण न्हाऊ घालायची सगुणा, झोपवायची सगुणा. पोराने पहिला शब्द उच्चारला तो 'आये', आणि उच्चारला तो सगुणाकडे बघून. राही तेव्हा तिथेच तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही. वाचला तर खरा, असं ती मनात म्हणाली, आणि त्या दिवशी तिने अर्धा शेर तांदूळ दोनदा निवडले.

महिपत मुंबईला गिरणीत होता. वैशाखात त्याच्या शेजाऱ्याने कार्ड लिहिलं. महिपतला मुदतीचा ताप येऊन गेला, आता उठून बसतो, पण हातून दोन भाकऱ्या होत नाहीत, तरी वहिनींनी शेवटच्या बोटीने निघावं. खाली महिपतने वाकड्यातिकड्या अक्षरांत स्वतः एक ओळ घातली होती: 'कोंडूलाही आण, काकाला बघायचा आहे.' काका म्हणजे तो स्वतः. शिमग्याला आला होता तेव्हा त्यानेच पोराला 'काका' म्हणायला शिकवलं होतं आणि मग परसात जाऊन बराच वेळ विडी ओढत उभा राहिला होता.

शेवटची बोट म्हणजे शेवटचीच. ती गेली की पावसाळाभर आगबोटी बंद, त्या थेट नारळी पुनव उलटल्यावर सुरू व्हायच्या. हातखंब्यावरून मोटारीने कोल्हापूर आणि पुढे आगगाडी अशी वाट होती, पण ती बाईमाणसाने एकटीने जायची नव्हे.

खरं सांगायचं तर राहीला आजारी नवऱ्याची काळजी होती तशीच मनातल्या मनात एक चोरटी खुशीही होती. मुंबईच्या खोलीत सगुणा नसणार. तिथे कोंडू रात्री तिच्या कुशीत झोपेल. 'मावशी'च म्हणेल, म्हणू दे. तीन वर्षांचा प्रश्न, मग नारळ फुटेल आणि एके दिवशी तो तिला 'आये' म्हणेल. झोळीचा दोर गुंडाळताना ती हे सगळं मनाशी बोलत होती आणि सगुणाकडे बघायचं टाळत होती.

भगवती बंदराच्या चढणीवर दादूने गाडी उभी केली तेव्हा दुपार कलली होती. समुद्र गढूळ झाला होता आणि बोट दूर नांगर टाकून उभी होती. रत्नागिरीला बोट धक्क्याला लागत नाही. माणसं पडावातून, म्हणजे वल्ह्यांच्या मोठ्या होडीतून, बोटीपर्यंत जातात आणि तिथे शिडीने वर चढतात. कोंडू करवंटी छातीशी धरून सगुणाच्या खांद्यावर झोपला होता. सगुणाने त्याला हळूच राहीच्या खांद्यावर दिलं. तीट लावलेलीच होती, तरी बोटाने आपल्या डोळ्यातलं काजळ काढून तिने त्याच्या कानामागे आणखी एक लावली.

"जाग आली की रडंल," ती म्हणाली. "रडला तर माला शिव्या घालू नको. मी गाडीमागं ऱ्हाते. माला बघितलं तर तो यावाचा नाय."

"वैनी," राही म्हणाली. तिने वाकून सगुणाच्या पायाला हात लावला. सगुणा गाडीमागे गेली. दोन्ही हातांनी तोंडावर पदर दाबून ती तिथे उभी होती, हे दादूला दिसत होतं. तो बैलांच्या माना खाजवत राहिला.

पडाव निम्म्या वाटेवर असताना कोंडू जागा झाला. त्याने आधी राहीकडे बघितलं, मग सगळ्या अनोळखी माणसांकडे, आणि मग जो टाहो फोडला तो काही विचारू नका. करवंटी दिली, ती त्याने भिरकावली. खुळखुळा दिला, तोही गेला. "आये! आये!" किनाऱ्याकडे दोन्ही हात करून तो नुसता उसळत होता.

समोर आनंदीबाई म्हणून एक पोक्त बाई नातवाला घेऊन बसली होती. "अरे, आय हितंच हाय की!" ती म्हणाली.

"नाय! आय थय!" कोंडूने किनाऱ्याकडे बोट केलं.

"मग ही कोन?"

"मावशी."

आनंदीबाईने राहीकडे बघितलं. राहीने मान खाली घातली. आणि तिथेच तिचं चुकलं. त्या वर्षी एक भलतीच आवई उठली होती, की कुठल्याशा पुलाच्या पायात पुरायला पोरं पळवून नेतात. बायाबापड्या पोरांना अंगणातसुद्धा एकटं सोडत नव्हत्या. आनंदीबाई वाईट नव्हती. कुणाच्या तरी पोराचं बरंवाईट होईल, एवढंच तिच्या मनात आलं.

पडावाचा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, गंगाराम याचा एक नेम होता. दोन वर्षांमागे त्याच बंदरावर लाल कुंच्यांतली दोन तान्ही वर चढवताना बदलली गेली होती. एकीच्या ते लक्षात आलं तेव्हा जयगड आलं होतं, आणि मग बोटीवर जो गोंधळ झाला त्याची गोष्ट सगळ्या बंदरांवर फिरत होती. तेव्हापासून गंगाराम आधी सामान वर देई, मग बायांना मोकळ्या हातांनी चढवी आणि पोरं शेवटी आपल्या हाताने देई. देताना ओरडून विचारी, "कुणाचं हे?" वरून आईने "माजं!" म्हटलं, की मगच पोर वर जाई.

राहीला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती पहिल्यांदाच बोट चढत होती. पसारा वर गेला. ट्रंक, वळकटी, झोळीचं गाठोडं. मग खलाशाने तिच्या कडेवरचा कोंडू काढून घेतला आणि म्हणाला, "चढ बाय, पोर मागनं येतंय." शिडी हलत होती. पडाव लाटेने वर उचलला गेला की पाय टाकायचा, खाली गेला की थांबायचं. राही कशीबशी वर पोचली आणि वळून शिडीच्या तोंडाशी उभी राहिली.

खाली गंगारामने आनंदीबाईचा नातू उचलला. "कुणाचं हे?"

"माजं!" आनंदीबाई वरून ओरडली. नातू वर आला.

मग त्याने कोंडूला उचललं. कोंडू लाल होऊन रडत होता. "कुणाचं हे?"

तोच प्रश्न होता. दोन वर्षांपूर्वी उंबऱ्यावर आला होता तोच.

"हिकडं द्या दादा," ती हात पसरून म्हणाली. "माज्याकडं द्या."

"देतो की. कुणाचं?"

"तांडेलानू, वाईच थांबा," आनंदीबाई बोलली. "ते पोर मघापासनं आय किनाऱ्यावर हाय म्हणतंय. हिला मावशी म्हणतंय."

गंगारामचा चेहरा बदलला. कोंडूला त्याने खांद्याशी घट्ट धरलं. "खरं काय, बाय? तुजं नाय हे?"

"माज्या... शेजारणीचं."

"शेजारणीचं पोर शेवटच्या बोटीनं कुटं घेऊन चाललीस?"

बोटीचा भोंगा झाला. वरचा माणूस शिडी ओढा म्हणून ओरडायला लागला. पडाव एकदा उचलला गेला, पोर हाताला लागेल इतकं वर आलं आणि खाली गेलं. गंगाराम काही दगड नव्हता. राहीच्या तोंडाकडे बघून त्याला काहीतरी उमगलं असावं. त्याने आवाज खाली आणला. "हे बघ बाय. एक शब्द बोल. माजं म्हण, मी वर देतो. माला बाकी कायी नको."

"अगं, म्हण की!" आता आनंदीबाईसुद्धा तिच्या दंडाला धरून म्हणाली. "तुजं असंल तर म्हण नि मोकळी हो. एवढं काय हाय त्यात?"

आता शहाणी माणसं म्हणतील, की एक शब्द तो काय, बोलायचा होता. म्हणू देत. तीन वेळा परसामागे खड्डा खणलेला ज्यांनी बघितला असेल त्यांनी बोलावं. पडाव पुन्हा उचलला गेला. कोंडूची पावलंसुद्धा तिला दिसली, चाळ घातलेली, काळी दोरी बांधलेली. शब्द ओठांवर आला होता. तिला गूळ आठवला. हाताला चिकटलेला, शेजारीपाजारी वाटलेला गूळ.

"सगुणाचं," राही म्हणाली. "सगुणाचं हाय. दादूच्या बायकोचं. बंदरावर गाडी हाय त्येंची, तिच्याकडं न्या."

पडाव खाली गेला. गंगारामने मान हलवली आणि वल्ह्यांना हात घालायला सांगितलं.

शिडी वर येताना राहीने तिच्यावर पाय टाकला तेव्हा वरच्या माणसाने तिला खसकन मागे ओढलं. "मरायचंय काय?" मग तिला एकदम सामान आठवलं. "त्येची सहाण!" ती ओरडली. "दादा, त्येची गुटी ऱ्हायली हितं! झोळी ऱ्हायली!" तिने गाठोड्यातून कुंची ओढली आणि भिरकावली. पडाव तोवर चांगला दूर गेला होता. कुंची पाण्यावर पडली, थोडा वेळ तरंगली आणि भिजून काळी झाली.

किनाऱ्यावर लाल लुगड्याचा एक ठिपका पाण्यात धावत आला. पडावातून काहीतरी त्याच्याकडे दिलं गेलं. मग तो ठिपका हलायला लागला, सावकाश, डाव्या बाजूला, उजव्या बाजूला. पोराला खांद्यावर घेऊन झुलवतात तसा. इतक्या लांबून ऐकू येत नव्हतं, पण रडणं थांबलं असणार हे राहीला कळलं. तिला हायसं वाटलं. आणि हायसं वाटलं म्हणून स्वतःचा असा राग आला, की तिने कठड्याच्या लोखंडावर कपाळ टेकवलं आणि तोंडात पदर कोंबून ती रडली. पोटातून रडली. सोडून दिलेल्या पोरासाठी रडायचीसुद्धा चोरी होती. कुणी विचारलं असतं, बाय, का रडतेस, तर काय सांगायचं होतं?

गणपतीपुळ्याच्या अंगाला बोट आली तेव्हा बायांनी किनाऱ्याकडे बघून हात जोडले. राहीनेही जोडले. काय मागावं ते तिला कळेना. मुंबईला धक्क्यावर महिपत येईल, अशक्त असला तरी येईल. तिच्या मागे बघेल, मग गाठोड्याकडे बघेल. त्याला सांगायचं. तो ऐकून घेईल. कडेला जाऊन विडी पेटवील. पुढचा पावसाळाभर ती त्याला पेज करून घालील, आणि तिकडे कोंडूला तिचा चेहरा विसरायला एक महिनाही लागणार नाही.

दिवेलागणीच्या सुमाराला डेकवर माणसांनी अंथरुणं पसरली. राहीच्या शेजारी चिमा नावाची एक कोवळी पोर बसली होती, मालवणाकडून आलेली. मांडीवर दोन महिन्यांचं मूल. ते बोट हलायला लागल्यापासून रडत होतं आणि तिला काही सुधरत नव्हतं. तिची नजर राहीच्या गाठोड्यावर गेली. झोळीची काठी बाहेर आली होती.

"ती झोळी काय गो, ताई?" तिने भीत भीत विचारलं. "वाईच देशील?"

रिकामी झोळी तिला बघवत नव्हती, आणि भरलेलीही बघवली नसती. मग तिने उठून दोर सोडला, दोन खांबांना बांधला, गाठी ओढून बघितल्या, आत दुपटं घातलं. सहाण काढून वेखंडाचा एक वेढा उगाळला, एकच, आणि बोटाने बाळाच्या जिभेवर लावला. बाळाने तोंड वेडंवाकडं केलं. झोळीला झोका मिळाला तसं ते हळूहळू निवलं.

"तुज्या हाताला सवय हाय," चिमा म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "तुजं केवडं हाय? कुटं ऱ्हायलं?"

झोळी पुढे गेली, मागे आली. भोवती माणसं होती, वर आभाळ होतं, खाली पाणी होतं. यातलं कोण ऐकत होतं ते राहीला ठाऊक नव्हतं. पण कुणीतरी ऐकत होतं खास.

"माला नाय पोर," ती म्हणाली.

"मग ही झोळी? ही दुपटी?"

"शेजारणीच्या पोराची."

चिमाला नीट ऐकू आलं नसावं. ती पुढे वाकली. राहीने झोळीचा दोर घट्ट धरला आणि तेच पुन्हा सांगितलं, या खेपेला जरा मोठ्याने, आजूबाजूच्या चार माणसांनी वळून बघावं इतक्या मोठ्याने.

"माला पोर नाय गो. कदी नव्हतंच."